टिंब

सौदे निघायला तासभर होता.
तेवढ्यात बिरनाळे मुनीमांचा फोन:
बाई, स्वामींचं अख्खं खातं गेलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले.
कीबोर्ड पिवळा, शिफ्टच्या फटीत हळद,
एंटर दाबलं की थोडी उडते.
डावीकडं फोल्डरांची उतरंड:
इनबॉक्स, त्याच्या पोटात पार्ट्या,
पार्ट्यांच्या पोटात कडप्पा, सेलम, निजामाबाद.
इरोडचे स्वामी नाहीत.

'घरी नातवाच्या मोबाइलवर आहे, हितं न्हाई.
एकच पत्र एका गावात दिसतं
आणि दुसऱ्या गावात दिसत न्हाई, असं असतंय का?'

पत्र तिसऱ्याच गावी असतं, मुनीमजी.
ह्या दोन नुसत्या खिडक्या.

आधी जे सगळेच करतात ते केलं,
बंद करून चालू.
मग पासवर्ड. मग पोर्ट.
मग इंडेक्स पुसून नवा, त्यात चहा गार झाला.
काही नाही.
शेवटी ब्राउझरमधून वेबमेलला शिरले.
पार्ट्यांच्या खाली एक एकटा 'एम',
शेजारी तिळाएवढा बाण.
दाबला, आत 'के'.
दाबला, आत 'स्वामी इरोड',
तीनशे बारा पत्रं, नऊ न वाचलेली.

हे नाव कुणी ठेवलं?
'मीच. घरनं, गेल्या महिन्यात. एम.के.स्वामी इरोड.
टिंब दिल्याशिवाय माणूस अर्धा वाटतो मला.'

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे
तेव्हापासून खतावणीत
हा माणूस असंच लिहीत आला.
पण सर्व्हरला आद्याक्षरं कळत नाहीत.
त्याच्या लेखी टिंब म्हणजे पायरी.
टिंब दिसलं की तो एक मजला खाली उतरतो.
मधले दोन मजले कुणी बांधलेलेच नाहीत,
करडी अक्षरं, कलती,
एक पत्र ठेवायला जागा नाही.
आणि टेबलावरच्या प्रोग्रामला कुणी सांगितलंच नाही
की खाली कुणी राहतं.

सबस्क्राइबची यादी उघडली.
'म्हंजे वर्गणी? किती?'
फुकट आहे. नुसतं म्हणायचं, हे मला दिसू दे.
'आपल्याच घरातलं, न सांगता दिसाय पाहिजे की.'

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
रिफ्रेश. एक टिक, दोन, तीन.

मुनीम मागं उभे राहून बोलत होते,
हरिपूरच्या पेवांबद्दल.
तोंड एवढंसं, आत खोलीएवढी हळद.
उतरायच्या आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
'तुझा काय विझला न्हाई,' म्हणाले.

मग सगळ्यात वरचं पत्र वाचलं त्यांनी,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
नऊ दिवसांपूर्वीचं.
तुमचा भाव मंजूर, शंभर पोती पाठवा.

बाहेर हमालांनी ढीग पालथा केला, वास आत आला.
नऊ दिवसांत क्विंटलमागं साडेचारशे चढलेत,
हे मलासुद्धा माहीत होतं.

पत्र मिळालंच नव्हतं, मी म्हटलं. खरंच आहे ते.
मी लिहून देते हवं तर.
आणि शेठना काय सांगणार?

ते काही बोलले नाहीत.
उठा, असा हात केला.
एकेक अक्षर शोधत, एका बोटानं:
उशीर झाला, माफी असावी.
माल उद्या निघेल. भाव ठरला तोच.

फोल्डरचं नाव मी बदलून टाकलं,
एमके स्वामी इरोड, मोकळं, सपाट.
ते बघत राहिले, जिभेला खडा लागल्यासारखे.
मग पत्राखाली सही टाइप केली:
ने. आ. बिरनाळे.
माझ्याकडं वळून बघितलं.

चालतंय, म्हटलं.
पत्राच्या पोटात टिंब चालतंय.