पाच गुणांसाठी

बावीस वर्षं मी फळ्यावर तेच अर्धवर्तुळ काढते.
ही पायऱ्यांची उतरण, हा मधला गोल,
ही मागची राहुटी. हिच्यातून राजे बाहेर येतात,
असं म्हटलं की कुणीतरी हसतंच.
ग्रीस मी पाहिलेलं नाही.
माझं अथेन्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
देवळाचे खांब दर वर्षी थोडे अधिक काळे.

तेजल भिसे विचारते,
मुखवट्याच्या आत घाम आला तर पुसायचे कसे?
पुस्तकात नाही.
इम्तियाझ म्हणतो, पंधरा जणांनी एकदम बोलायचं
म्हणजे सोसायटीची मीटिंगच की.
हो, तसंच, मी म्हणते. फरक इतकाच,
यांना शेवटपर्यंत थांबावं लागतं.

यंदा मार्चात वर्ग उचलून वेताळ टेकडीवर नेला,
जुन्या दगडखाणीत, सकाळी सहाला.
तासलेला काळा कातळ, थोडं हिरवं पाणी, मधे सपाट जागा,
आणि आवाज असा, की कुजबुजलं तरी भिंत परत देते,
उसनी वाटी साखरेसकट परत यावी तशी.

इथे कुणी कुणाला डोळ्यांदेखत मारत नाही, मी सांगत होते,
मरण दाराआड. सुरा दिसत नाही, दोर दिसत नाही.
एक माणूस धावत येतो
आणि काय पाहिलं ते सांगतो, बस्स.
तो निरोप्या.

रेवण मागे उभा. नेहमीसारखा उशिरा आलेला,
हेल्मेट अजून हातात.
मॅडम, त्याचं नाव काय?
नाव नसतं त्याला, मी म्हटलं,
आणि उगाचच वाटलं, मी काहीतरी लपवतेय.

‘मी ससूनला रात्रपाळीला असतो,’ तो म्हणाला,
‘डॉक्टर सांगून पुढे जातात,
मग नातेवाईक माझ्याकडे बघतात.’
हजेरीपटावर त्याच्या नावापुढे
मी पेन्सिलीने ‘झोपाळू’ लिहिलं होतं.

‘धाप लागलेली चालत नाही.
जिना पळत उतरलो तरी दारात थांबायचं.
आधी विचारायचं, तुमच्यातलं मोठं कोण?
त्यांना बसवायचं. खुर्ची नसली तर भिंतीला टेकवायचं.
मग एकच वाक्य. त्यात “पण” नको.’

माझ्या भाषांतरात निरोप्या आकाशाला हाका मारतो,
देवांना बोल लावतो, तीन पानं.
ती त्याने सोडूनच दिली.
हेल्मेट दगडावर ठेवलं, सपाट जागेत गेला,
आणि विचारलं,
तुमच्यातलं मोठं कोण?

कोरसमधले पंधरा जण एक पाऊल मागे.
मीही.
बऱ्याच वेळाने तेजलने हात वर केला.
त्याने तिला कातळावर बसवलं.
ते वाक्य मी इथे लिहीत नाही.
भिंतीने ते परत दिलं, या वेळी नुसती वाटी.
वर कडेला फिरायला आलेले एक काका
कुत्र्याची साखळी धरून थांबले होते
आणि, पुण्यात क्वचितच घडतं ते,
त्यांनी काही सुचवलं नाही.

एप्रिलच्या पेपरात प्रश्न माझाच:
निरोप्याचे नाटकातील कार्य स्पष्ट करा. गुण पाच.
बाकीच्यांनी दीड-दीड पान भरलं, मुद्दे अधोरेखित.
रेवणने लिहिलं:
तो धावत येतो आणि दारापाशी चालायला लागतो.
खाली कोरं.
बाहेरच्या परीक्षकांनी दोन दिले.
नियमाने बरोबरच आहे, उदाहरण नाही, समारोप नाही.

जूनमध्ये नवा वर्ग. अर्धवर्तुळ, मधला गोल, राहुटी.
राहुटीला, कधी काढत नव्हते ते, एक दार.
त्याच्यापुढे दोन पावलांची जागा मोकळी ठेवली
आणि खडू हातातच राहिला.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलंच.