पीळ

नळी बदलायची म्हणून बाबांनी
आधी सगळ्यांना सांगून टाकलं.
रिबेलोबाईंना, खालच्या इस्त्रीवाल्याला,
पोलीस ठाण्यात तर लेखी, दोन प्रतींत.
"आवाज होईल, पण बंदुकीचा नाही. हातोड्याचा."

माझगावात, तिसऱ्या मजल्यावर,
ओट्याच्या कडेला शेगडा ठोकलेला आहे.
आई होती तेव्हा त्यात नारळ धरून सोलायची.
आता त्याच्या जबड्यात, तांब्याचे पत्रे लावून,
हुतोक्षी दारूवालाची रायफल.
पॉइंट टू-टू, बोल्टची, तिच्या आजोबांच्या वेळची.
"दारूवाला," बाबा म्हणतात, "पण दारू बंदुकीची हां."
दर भेटीला हाच विनोद.
ती दर भेटीला हसते. चांगली मुलगी आहे.

बत्तीस वर्षं शस्त्रागारात बाबांनी
दुसऱ्यांच्या बंदुका धडधाकट ठेवल्या.
स्वतः झाडली ती चाचणीपुरती,
वाळूच्या पोत्यात.
आता डावीकडे मोतीबिंदू पिकलाय
आणि उजवा डोळा, त्यांच्या भाषेत, रजेवर.
म्हणून लायसन त्यांचं, हात माझे.
मी पोस्टात पार्सलं तोलते.
"तुझ्या तळव्याला ग्रॅम कळतो," म्हणाले, "पुरे."

चार दिवस आट्यांना तेल पाजलं.
खाऱ्या हवेने इतकी वर्षं
आतल्या आत जे शिवून ठेवलं होतं
ते उसवायला तयार नव्हतं.
पाचव्या दिवशी पान्याला पाइप जोडला,
मी त्याला लोंबकळले,
बाबांनी पोलादाला कान लावला.
डॉक्टर लावतो तसा नाही,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकतात तसा.
"डावीकडे. आणखी. थांब. बोलतेय ती."
मला काहीच ऐकू आलं नाही.

मग ताडकन.
ओट्यावरची साखर सांडली,
रिबेलोबाई धावत दारात: "कोण गेलं?"
"कोणी नाही," बाबा म्हणाले, "सुटली."

हाच शब्द त्यांनी आईच्या वेळी वापरला होता.
दवाखान्याच्या जिन्यात, चपला शोधताना.
मी दोन महिने बोलले नव्हते त्यांच्याशी.
आज कळलं की हा त्यांच्या कामाचा शब्द आहे,
आणि त्यांच्याकडे दुसरा नव्हता.

नवी नळी.
तिच्यासाठी दोन गेज असतात, बोटाच्या पेराएवढे.
पहिल्यावर बोल्ट मिटलाच पाहिजे,
दुसऱ्यावर मिटता कामा नये.
दोघांत फरक केसाएवढा.
पहिल्यावर मिटला.
दुसऱ्यावरही मिटला.
"काढ," बाबा म्हणाले.
परवानगीचा कागद खिशात घालून दोनदा रे रोडला गेले,
लेथवर नळीचा खांदा जरासा उतरवून आणला.
तिसऱ्यांदा बोल्ट अडला, असा अडला
की बाबा "शाब्बास" म्हणाले.
मला की बोल्टला, विचारलं नाही.

जुनी नळी खिडकीकडे धरून मी आत पाहिलं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ शाबूत.
पीळच झिजून गेलेला,
तीन पिढ्यांच्या शिशाने चाटून चाटून.
"काय दिसतंय?"
"गोदीतली क्रेन. मोहरीएवढी."
"आण इकडे."
रजेवरचा डोळा लावला त्यांनी नळीला,
बराच वेळ.
"हलतेय की क्रेन," म्हणाले.

रविवार होता. क्रेन उभी होती.
मी हो म्हटलं.

उद्या ही ठाण्यात जमा करायची.
पावतीवर येईल: नळी, नग एक, निकामी.
हुतोक्षी संध्याकाळी पेढे घेऊन येणार आहे,
बाबांनी विनोद तयार ठेवलाय.
साखर मात्र पुसायची राहिली.
मुंग्यांनी शेगड्याच्या आट्यांतूनच वाट काढलीय,
गोल गोल, वर वर,
एकही चुकत नाही.