धूर कुठे कलतो

सूर गावात, खाडीच्या अलीकडे,
बदरियाबाईंच्या घराला अजून दारं नाहीत.
ब्लॉकच्या भिंती, वर स्लॅब,
आणि दारापुढे आमचा ट्रक घरघरतोय.

तांबडी नळी, निळी नळी.
दोन पिंपं. एकमेकांना ओळखत नाहीत
माझ्या हातातल्या बंदुकीच्या तोंडाशी येईपर्यंत.
मग तीन म्हणेस्तोवर भिंत फुगते,
उतू जाणारं दूधच जणू,
पण खाली न येणारं,
तिथल्या तिथे थिजलेलं, पिवळसर,
बोटानं टकटक केलं तर पोकळ बोलणारं.

मोनिरुल मागून नळी ओढतो, मुका.
मुका मुखवट्यामुळे. एरवी
खुलन्याच्या नदीवर बोलायला लागला की थांबत नाही.

घर थंड राहावं म्हणून हे सगळं,
आणि माझ्या बुटात घाम डचमळतो.
साडेबारा ते साडेतीन काम बंद, कायदाच आहे.
आम्ही पिकअपच्या सावलीत आडवे,
ती सरकते तसे सरकत.

तिसऱ्या दिवशी बाईंचे वडील आले.
खमीस बिन जुमा. पूर्वी जहाजं बांधायचे.
हिंदी बोलतात, गोदीवर शिकलेली,
शिव्यांसकट.
मला गाव विचारलं. जयगड म्हणालो, तर म्हणाले,
तिथे नांगर टाकलाय एकदा, पाणी गोड होतं.

छाटून पडलेला फोमचा तुकडा तळहातावर घेऊन
वर-खाली केला. वजनच नाही! हसले.
"आम्ही कापूस ठासायचो, माशाच्या तेलात भिजवलेला,
फळी-फळीच्या सांध्यात,
चार माणसं, एका ठेक्यात, महिना-महिना.
पाणी आत येऊ नये म्हणून.
तू कशाला?"
वारा आत येऊ नये म्हणून, मी म्हणालो.
"वारा आला तर काय बिघडतं?"

मी कंपनीचं कार्ड दिलं. इतके इंच,
विजेच्या बिलात इतके रियाल वाचतील.
त्यांनी ते उलटं धरून नीट वाचलं.
ते झावळ्यांच्या घरात जन्मलेले,
ज्याच्या भिंती म्हणजे नुसतं गाळणं.

शनिवारी थंकच्चन साहेबांनी सुई टोचून जाडी मोजली,
सही केली, गेले.
मग म्हातारा आला, हातात धूपदाणी,
निखाऱ्यावर लुबान.
मला वाटलं, वास्तूला आशीर्वाद.
मी टोपी काढून बाजूला उभा.

भिंतीला लागून लागून चालत होते ते,
जिना उतरणाऱ्या माणसासारखे, सावकाश.
हॉलमध्ये धूर सरळ.
झोपायच्या खोल्यांत सरळ.
स्वयंपाकघरात, एसीच्या पाइपाशी,
तो कलला.
कुणी नावानं हाक मारावी तसा.

बोट जाईल एवढी फट.
"इथून बुडतं," ते म्हणाले. बस, एवढंच.

मला माहीत होती ती जागा.
गुरुवार, दिवसाचं शेवटचं काम, मान भरलेली,
नोझल तुंबलेलं. म्हटलं होतं मनाशी,
प्लास्टर झाकेल.
साहेबांची सुई तिथे पोचलीच नव्हती.

नवीन नोझल लावलं. पुन्हा सूट, पुन्हा मुखवटा.
मोनिरुलनं काही विचारलं नाही, नळी ओढली.
भरलं, फुगलं, थिजलं. सुरीनं छाटलं.
वास ओसरल्यावर म्हाताऱ्यानं पुन्हा धूर आणला.
सरळ.
शाबास वगैरे नाही.
निखाऱ्यावर एक फुंकर घातली आणि गेले.

रात्री कॅम्पवर. प्लायवूडची खोली, सहा खाटा,
एसीच्या कडेला कोंबलेला जुना पेपर
आणि कुणाच्यातरी पँटीचा एक पाय.
मोनिरुलनं मच्छर अगरबत्ती लावली.
मी पडल्या-पडल्या धूर बघत होतो.
आधी दाराकडे, मग खिडकीकडे,
मग एसीकडे; कुठे जावं ते कळेना त्याला.

उठलो. पिशवीत तो बिनवजनाचा तुकडा होता.
सुरीनं तासून पँटीच्या पायाशेजारी बसवला.
धूर केसभर सरकला,
दुसऱ्या फटीकडे.

मोनिरुल म्हणाला, दिवा घालव,
पाचला गाडी आहे.