दोन 'च'

आठ टॅब आले. त्यातला एक मुळातच तडकलेला.
स्टॉक रजिस्टरात मी लिहिलं आठ,
आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात, सात.
गुलटेकडीची शाळा, दुसरा मजला,
खिडकीतून मार्केट यार्डातल्या कांद्याचा वास,
भिंतीला एकच प्लग,
तोही कागदाची घडी खुपसल्याशिवाय न चालणारा.

प्रशिक्षणात सांगितलं, प्रत्येक मुलाची गरज वेगळी.
हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे.
सव्वीस वर्षं मी वापरला एकच फळा, एकच आवाज
आणि तिसऱ्या बाकापर्यंत पोचणारा धीर.

रेवण सहावीत.
अक्षरं त्याला बघून जागा बदलतात.
मी त्याला दोन वर्षं आळशी म्हटलं.
हे इथे लिहिते, कारण रजिस्टरात तसा रकाना नाही.

त्याच्या कानांना हेडफोन लावला.
टॅबमधली बाई धडा वाचू लागली,
न दमता, न रागावता, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
(मला तिचा थोडा मत्सर वाटला.)
'बैलगाडीचं च्याक चिखलात रुतलं,' ती म्हणाली.
रेवणनं हेडफोन काढला.
'बाई, हिला वाचता येत नाही.'
'का रे?'
'च्याक म्हणते! चाक असतंय ते, चाक.
माझ्या पप्पांचं पंक्चरचं दुकान हाय.'
वर्ग हसला. या वेळी त्याला नाही,
तिला.

मग फळ्यावर मी एक मोठा च काढला.
चहातला च आणि चमच्यातला च,
लिहायला एक, बोलायला दोन,
आणि रोज एकाच कपात ढवळतो आपण.
रेवण उठून आला. न सांगता.
खडूच्या पोटावरून त्यानं बोट फिरवलं,
टायरमधला खिळा शोधावा तसं.

मिसबाह बागवानच्या टॅबवर माझं बोलणं अक्षरांत उमटतं.
मी म्हणाले, 'गुरू हा सर्वांत मोठा ग्रह.'
उमटलं, 'गुरू हा सर्वांत मोठा ग्राहक.'
मिसबाह खो खो हसली.
म्हणाली, तिच्या त्या कडा झिजलेल्या आवाजात,
'खरंय बाई, गुरुवारी उपासाची केळी लई खपतात.'

प्रज्योत बोलत नाही. त्याच्या टॅबवर सोळा चित्रं.
पंधरा दिवस तो फक्त 'पाणी' दाबत होता.
पाणी पुढे केलं की तोंड फिरवायचा.
मग एका दुपारी, खिचडीच्या ताटासमोर,
त्यानं दाबलं, 'नको'.
पुन्हा, 'नको'. 'नको नको नको'.
त्याच्या आईला मी फोन केला, आनंदानं.
पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टी.
मग ती म्हणाली,
'इतकी वर्षं काय काय भरवलं असेल मी त्याला.'

महिनाअखेरीस फॉर्म आला.
उपकरणामुळे झालेली प्रगती, टक्क्यांत.
मी पेन उघडलं, बंद केलं.
शेवटी लिहिलं, उपकरण अजून 'च्याक' म्हणते,
मुले समजावून सांगत आहेत.
मुख्याध्यापकांनी ते खोडून पंच्याहत्तर केलं.

गुरुवारी लाईट गेली. पुण्यात गुरुवारी जातेच.
आदल्या रात्री चार्जिंगला लावायचे मी विसरले,
सातही टॅब एकेक करून मिटले,
शेवटी प्रज्योतचा. त्यानं काचेवर दोनदा टकटक केलं,
मग माझा हात धरून बाजूला सारला.
कळलं. नको.

मागच्या बाकावर रेवणनं पुस्तक उघडलं होतं.
समोर मिसबाह, त्याच्या ओठांवर डोळे लावून.
बोट ओळीखाली. बै. ल. गा.
एवढा वेळ, की खाली टेम्पोत अख्खी पोती चढली.
'डीचं...'
थांबला. माझ्याकडे बघितलं. हसला.
आणि त्या टॅबमधल्या बाईच्या सपाट सुरात, मुद्दाम,
'च्याक.'

मिसबाहला ऐकू आलं नाही.
तिनं नुसते ओठ पाहिले, आणि म्हणाली,
'चुकलं. परत.'