गज

इंदूरचा कापड बाजार, माळ्यावरची गादी.
चौदावी बैठक. चहासुद्धा आता
दोन वेगवेगळ्या टपऱ्यांवरून येतो.
गोदाम, उधारी, पाटी, सगळं वाटून झालं;
अडलंय पितळी गजावर.
"माझ्या वडिलांचा," मोघे म्हणतात.
"झिजला माझ्या हातानं," बाकलीवाल.

लवाद मी.
टेप काढला, गजाशेजारी ठेवला.
पाऊण इंच आखूड.

पंखा कुरकुरत राहिला.
सहा वर्षांत पहिल्यांदा
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

निवाड्यात गजाची ओळ कोरीच सोडली.
सह्या झाल्या. जिन्यात ऐकू आलं,
"जपून हं, तिसरी पायरी मोडकीये."

गज माझ्याकडेच राहिला.
आईची सगळी लुगडी याच दुकानातली,
हे मी बैठकीत बोललो नव्हतो.
नेसताना ती म्हणायची,
हल्ली निऱ्या कमी पडतात,
वय झालं माझं.