साडेअकरा नॅनोमीटर

पुण्यातून अरोरा दिसत नाही.
हे मी शिकलगारांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
ते भोसरीत लेथवर ॲल्युमिनियमची कडी उतरवत होते.
"मग आपण काय बघणार?"
आपण नाही बघणार, म्हटलं.
आपण बघणारं बनवणार.

चांगल्या कॅमेऱ्याला चाळीस लाख पडतात,
म्हणून उत्तरेकडच्या त्या अख्ख्या प्रांतात एकच,
आणि ढग नेमका त्याच्यावर येतो.
आपण बारा करू. स्वस्तातले. रंगीत.
सेन्सर बुधवार पेठेतून,
घुमट सराफांच्या दुकानात छताला असतो तोच,
आत माशाच्या डोळ्याचं भिंग,
आभाळ अख्खं गिळून कडेला दुमडणारं.

थंडीसाठी सहकारनगरच्या दुगडांनी
आइस्क्रीमच्या फ्रीजरचा एक कप्पा दिला. वजा अठरा.
सीताफळाच्या डब्यांत कॅमेरा तीन रात्री झोपला.
घुमटावर हिम धरलं,
मग सहा रुपयांचे रोधक कडेनं चिकटवले,
त्यांच्या उबेनं एक गोल निवळला, बशीएवढा.
(एक डबा पातळ झाला. दुगड अजून काढतात.)

रंगानं मात्र छळलं.
पाचशे सत्तावन्न पूर्णांक सात:
असा हिरवा पुण्यात कुठे आहे?
सिग्नलचा निळसर निघाला,
मेडिकलच्या पाटीचा निबर,
पोपट थांबत नाही.
शेवटी कॉलेजातून पाऱ्याचा जुना दिवा उसना आणला.
त्याची रेषा साडेअकरा नॅनोमीटर अलीकडे.
तेवढं अंतर मी हिशेबानं भरलं.
हिशेबानं भरलेलं डोळ्यात भरतं का, कोण जाणे.

डिसेंबरात, पहाटे चारला, पहिली फाइल आली.
तिकडच्या एका शाळेच्या छपरावरून.
ओट्याशी उभ्या उभ्या उघडली.
हिरवं.
कुणीतरी झटकलेलं
आणि झटकताना तसंच राहिलेलं.
वरच्या काठाला लाल, असल्यासारखं.
आणि खाली उजवीकडे, क्षितिजाशी,
गोल गोल रेघा.

शिकलगारांचा अंगठा.
घुमटाच्या आतून, तेलासकट.

फोनवर ते आधी गप्प, मग म्हणाले,
"पुसून टाका मॅडम. अंगठा बिलावर शोभतो."
पुसता येतो. रिकाम्या घुमटाचं चित्र घेऊन
त्यानं भागायचं, दोन ओळींचं काम.
तिकडे गेली ती प्रत साफ आहे.
त्यांना पाठवली ती नाही.

तासाभरानं त्यांचा मेसेज:
रंग खरा आहे ना पण?

लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.
साडेअकरा सोडून, हो.