गावात घंटा नव्हती

शुक्रवारी रात्री, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत
मी राज्यं उभी करते.
ब्लायनायमध्ये पाऊस ही काही बातमी नव्हे.
पाटीच्या दगडाच्या छपरांवर तो पडत राहतो,
आणि खाली आम्ही: तीन खेळाडू, मी, एक नकाशा,
गार होत चाललेले चिप्स.

नकाशा माझा. म्हणजे अर्धा चोरलेला.
समुद्राखाली गेलेल्या राज्याची कथा वेल्समध्ये शेंबड्या पोरालाही येते.
बांधाचा पहारेकरी दारू पिऊन झोपला,
दरवाजा उघडा राहिला, रात्रीतून सगळं बुडालं,
अजून शांत संध्याकाळी म्हणे पाण्याखालून घंटा ऐकू येतात.
ती मी उचलली आणि डोंगरात आणली,
धरणाच्या तलावाखाली. तलाव जवळ होता
आणि तलावाखाली खरंच एक गाव होतं.
पुराण आणि इतिहास एकाच भांड्यात ढवळले.
चव बरी लागली. तेवढंच पाहिलं मी.

तेगवेन जादूगार झाली. माक्सेन दोन तलवारींचा.
माक्सेनचा मामा इद्वल, निवृत्त बसड्रायव्हर,
पहिल्यांदाच आलेला, चष्मा पुसत म्हणाला,
"मला पोस्टमन व्हायचंय."
नियमांच्या पुस्तकात पोस्टमन नाही.
मी त्याला दूताचे आकडे दिले: वेग चौदा, शक्ती आठ.
आणि पिशवी. पिशवीसाठी तो हटून बसला.

तर ते तळाशी उतरले.
मी आवाज खाली आणला. हिरवा अंधार,
शेवाळलेली कमान, आणि दुरून एका घंटेचा
"चॅपलला घंटा नव्हती," इद्वल म्हणाला.
मी हसले. म्हटलं, ही गोष्ट आहे.
"असू दे की. पण नव्हती.
घड्याळ होतं. सात मिनिटं पुढं.
सात वजा करायचे, हे सगळ्यांना माहीत होतं."

मी रेटलं तसंच पुढे. सिंहासन.
त्यावर पहारेकरी, फुगलेला, दाढीत मासे,
मुठीत अजून प्याला.
साऱ्या बुडण्याला हा एकटा कारण;
मारा याला, पाणी ओसरेल.
माक्सेनचं दान पडलं: एकोणीस.
आता पोस्टमनची पाळी.

इद्वलनं फासा उचललाच नाही.
"ह्याला कशाला मारायचं?
आमच्याकडे कुणीच प्यायलं नव्हतं.
शहराला पाणी हवं होतं. कोट घातलेली माणसं आली,
आईनं त्यांना केक कापून दिला.
सगळे शुद्धीत होते. सह्या अगदी सरळ रेषेत.
गावावर आम्ही नव्हतं पाणी सोडलं.
त्यांनी सोडलं."

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला
नकाशा काढतानाच कळायला हवं होतं.

माफी मागता आली असती.
मी खोडरबर घेतलं. घंटा पुसली. सिंहासन पुसलं.
पहारेकऱ्याच्या हातात प्याल्याऐवजी पेन दिलं,
ते फारच सोपं वाटलं, तेही पुसलं.
कागद तिथं फाटला थोडा.
"घरं सांग," मी म्हटलं.

पुलानंतर तिसरं दार, त्याला फट नाही, पत्र खिडकीतून.
पुढं लंगडं कुत्रं, पिठाच्या पिशवीला घाबरणारं.
मग शाळा. मग ज्यांचं कुणाशीच पटत नसे ते.
तो सांगत होता, मी काढत होते,
माक्सेननं न विचारता तलवारी म्यानात घातल्या.

"तुझ्या पिशवीत एक पत्र आहे," मी म्हटलं.
"कुणाचं?"
मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, टाक फासा.
बराच वेळ तो तळहातात खुळखुळवत राहिला.
पडले तीन.
तीन म्हणजे नापास. शाई पसरलेली, पत्ता लागत नाही.
मी सांगितलं, चाचरत.

"मग," पिशवी नसलेल्या खांद्यावर सारखी करत
इद्वल म्हणाला, "सगळ्यांकडेच जावं लागेल,"
आणि पुलापासून सुरुवात केली.